शकुंतलेचा हरवलेला फलाट: दगड-चुना, सिमेंट की नुसती खूण?

‘शकुंतला’ ही आपल्या विदर्भातली नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळाची गाडी. ती ज्यांवरून धावायची त्या मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर या मार्गांवरच्या लहान थांब्यांची अवस्था आता सारखीच आहे. रूळ गवतात बुडाले आहेत, टिनाची शेड कुणीतरी उचलून नेली आहे आणि फलाटाच्या जागी बाभळी उभ्या आहेत. तरी गावात विषय निघतोच, की आपल्या थांब्याचा फलाट पुन्हा बांधू. मी बांधकाम खात्यात शाखा अभियंता होतो आणि माझं लहानपण अशाच एका थांब्याजवळ गेलं. त्यामुळे हा प्रश्न माझ्यापर्यंत वारंवार येतो. विचारणाऱ्यांसमोर मार्ग तीन असतात. पहिला, जुन्या पद्धतीनं काळ्या दगडात आणि चुन्यात फलाट उभा करायचा. दुसरा, सिमेंट काँक्रीटचा नवा बांधायचा. तिसरा, काहीच उभं करायचं नाही, जे उरलंय ते साफ करून त्याची खूण राखायची.

माझा कल आधीच सांगतो. जिथं जुन्या कडेची निदान एक ओळ जमिनीत शाबूत आहे तिथं दगड-चुना. जिथं काहीच उरलं नाही तिथं खूण. काँक्रीटचा पर्याय फक्त खऱ्या, चालत्या गाडीसाठी, आणि तोही जुन्या जागेपासून दूर.

पण त्याच्याही आधी गावानं ठरवायला हवं, की फलाट कुठल्या गाडीसाठी हवाय. शकुंतलेचा रूळ ७६२ मिलिमीटरचा, म्हणजे अडीच फुटांचा. कालका-शिमला मार्गाचा रूळही एवढाच आहे. ब्रॉडगेजचा रूळ १६७६ मिलिमीटरचा, डबा जास्त रुंद, आणि तिथला उंच फलाट रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर वर असतो. आपल्या थांब्यांवरचे फलाट जेमतेम वीतभर-दीड वीत उंच होते. डब्याच्या पायरीवर पाय ठेवून वर चढावं लागे. उद्या या मार्गाचं ब्रॉडगेज झालं, तर जुन्या जागेवरचा फलाट उंचीलाही पुरणार नाही आणि अंतरालाही बसणार नाही. तो फोडावाच लागेल. म्हणून "ब्रॉडगेज येणार आहे, आत्ताच फलाट बांधून ठेवू" असं कुणी म्हणालं, तर तिथंच थांबवा. नॅरोगेजचा वारसा म्हणून राखायचा असेल, तरच जुन्या जागेवर बांधण्यात अर्थ आहे.

काळी माती कुणालाच सोडत नाही

तिन्ही पर्यायांत सगळ्यात मोठा फरक पडतो तो पायाखाली, आणि गावातल्या चर्चेत नेमकं तेच कुणी काढत नाही. आपली काळी कपाशीची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. मे महिन्यात तिच्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो. अशा मातीवर लांबलचक आणि हलकं बांधकाम ठेवलं, की ती त्याला दर वर्षी उचलते आणि खाली सोडते. दोन मजली घराचं वजन तरी मातीला थोडंफार दाबून धरतं. एक फूट उंचीच्या फलाटाला वजनच नाही.

हे मी स्वतःच्या कामावरून शिकलो. नोकरीच्या सुरुवातीला एका शाळेची आवारभिंत माझ्या देखरेखीखाली झाली. पाया दोन फूट, सगळं काम सिमेंटमध्ये, दिसायला सरळसोट. दुसऱ्या पावसाळ्यानंतर दर पंधरा-वीस फुटांवर भिंत उभी चिरली. सिमेंट कमी पडलं नव्हतं. खालची माती मी काढली नव्हती.

यावर तोड आहे. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या, चिकट मातीचा थर देण्याची पद्धत विकसित केली. तिचा आधार घेऊन आपल्याकडे असं करता येतं: कडेच्या भिंतीखालची काळी माती निदान तीन फूट काढायची, तिथं चांगला मुरूम भरायचा, आणि तो सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुम्मसानं ठोकायचा. मुरूम निवडताना मूठभर ओला करून वळून बघा. गोळी धरली पाहिजे, पण वाळल्यावर भेगाळता कामा नये. हे काम दगडाच्या फलाटालाही लागतं आणि काँक्रीटच्याही. खूण राखायची असेल, तर फक्त पाणी दूर वळवलं तरी भागतं.

माती तरीही थोडी हलणारच. ती हलल्यावर काय होतं, यात दोन्ही बांधकामं वेगळी पडतात.

चुना आणि सिमेंट

काँक्रीटची पट्टी एकसंध असते. खालून ढकललं की ती एका जागी मोडते, भेगेत पाणी जातं, आतली सळई गंजते आणि फुगून काँक्रीट उडवते. हे टाळायला ठरावीक अंतरावर सांधे सोडावे लागतात. गावपातळीवरचे ठेकेदार ते बहुधा सोडत नाहीत, कारण सांधा दिसायला "अर्धवट काम" वाटतो.

दगड-चुन्याच्या भिंतीत प्रत्येक दरज, म्हणजे दोन दगडांमधली चुन्यानं भरलेली फट, हाच एक छोटा सांधा असतो. चुना सावकाश घट्ट होतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत. म्हणून थोडी हालचाल तो सोसतो. बारीक चीर पडली तर पाण्याबरोबर विरघळलेला चुना तिथं पुन्हा जमतो आणि चीर भरत येते. आपला काळा दगड स्वतः पाणी फारसं पीत नाही, त्यामुळे भिंतीतली ओल बाहेर पडायला दरज हीच वाट उरते. ती वाट सिमेंटनं बंद केली की ओल आत कोंडते आणि मागचा मुरूम चिखल होऊन भिंतीला पुढं ढकलतो. "दगड जुने, दरजा सिमेंटच्या" हा मधला मार्ग लोकांना स्वस्त वाटतो, पण तिन्हींपेक्षा तोच वाईट आहे. त्यात जुना दगडही कायमचा खराब होतो. सिमेंट काढायला गेलं की दगडाची कड फुटते.

चुन्याची अडचण वेळेची आणि हाताची आहे. कळीचा चुना विझवून निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्यावा लागतो. मग वाळू आणि सुरखी घालून चुन्याच्या घाण्यात दळायचा. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. तिच्यामुळे ओलीतही चुना धरतो, म्हणून पावसाच्या मुलखात ती सोडू नये. बांधल्यावर गोणपाट टाकून ते बरेच दिवस ओलं ठेवायचं. घाई करणारा गवंडी इथं चालत नाही. पण घडीव दगड बसवणारे पाथरवट अजून आपल्या भागात आहेत. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांच्या हाताखाली दोन तरुण दिले, तर हे कसब त्यांच्या पोरांपर्यंतही जाईल. दगड-चुन्याच्या बाजूनं माझ्या मनात असलेलं हे सगळ्यात भक्कम कारण आहे.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर माप सांगतो, दर तुमच्या तालुक्याचे लावा. साठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर उंच फलाट धरा. समोरची भिंत ४५ सेंटिमीटर जाड, पायासकट १२० सेंटिमीटर उंच. दगडकाम सुमारे साडेअकरा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) होतं. आतला दाबलेला मुरूम साधारण २३ ब्रास, म्हणजे सैल मुरूम २८ ते २९ ब्रास आणावा लागेल. पायातली बदललेली माती वेगळी. कडेचा एकेक दगड तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि सहा इंच जाड घेतला, तर पावणेदोनशे किलोच्या आसपास भरतो. तो स्वतःच्या वजनानं बसतो आणि सहसा चोरीलाही जात नाही. काँक्रीटमध्ये मजुरी कमी आणि साहित्याचा खर्च जास्त, दगडात बरोब्बर उलट. म्हणजे दगडावरचा बराचसा पैसा गावाच्या आसपासच राहतो.

एका बाबतीत काँक्रीटचा फलाट निर्विवाद सरस आहे. जुन्या फलाटांची टोकं एकास सहा अशा उताराची असत. चाकाच्या खुर्चीला आणि काठी टेकत येणाऱ्या माणसाला एकास बारा उतार लागतो. काँक्रीटमध्ये तो सहज करता येतो. दगडाच्या फलाटाला मागच्या बाजूनं, रुळाकडून दिसणार नाही असा ३.६ मीटरचा मुरमाचा उतार जोडा. जुनं रूप मोडत नाही आणि गावातली म्हातारी माणसंही वर येतात.

जुनं किती माहीत आहे?

वास्तूंच्या जतनाबद्दल १९६४ मध्ये व्हेनिस इथं एक सनद झाली. तिच्यातलं एक तत्त्व मला फार पटतं: जिथं अंदाज सुरू होतो तिथं जीर्णोद्धार थांबायला हवा, आणि नवीन घातलेलं काम नवीन म्हणून ओळखू यायला हवं.

हे आमच्या शेजारच्या आबाजींना सनद न वाचताच कळलं होतं. ते गँगमन होते. आम्ही पोरं फलाटाचे दगड ओढून विहिरीकाठी नेत होतो, तेव्हा ते ओरडले, "दगड काहाले नेता रे पोरंहो? हे धार गेली तं मंग गाडी कुठं उबी राहे हे कोन सांगन?"

म्हणून खोदायच्या आधी शोधा. साठीच्या पुढच्या माणसांना एकेकट्याला विचारा, एकत्र बसवून नको. एकत्र बसले की सगळ्यांची आठवण एकच होते. घराघरांतले लग्नाचे आणि वरातीचे फोटो बघा, त्यांत गाडीमागं फलाट सापडतो. रुळाला काटकोनात दोन फूट रुंदीचे छोटे चर तीन ठिकाणी घ्या आणि कडेची ओळ लागते का पाहा. ओळ लागली, उंची कळली, तर दगड-चुन्याचा फलाट खरा होईल. फक्त कुणाची तरी कल्पना हाती असेल, तर तो शकुंतलेचा फलाट होणार नाही. तो लग्नाच्या मंडपातला देखावा होईल. तिथं जमिनीच्या पातळीत दगडांची एक ओळ, थांब्याचं नाव आणि माहितीचा फलक पुरेसा आहे. नाव वाचायला येणाऱ्या पोराला फलकावरच सांगा, की १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन या रुळावरून १९९४ पर्यंत धावलं आणि इथला कापूस याच वाटेनं मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला गेला.

नवे दगड घालाल तेव्हा त्यांच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूवर साल कोरा. खर्च शून्य, आणि पन्नास वर्षांनी कुणालाही फसायला होणार नाही.

जागा कुणाची

इथं थोडक्यात सांगतो. हा मार्ग किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या काळापासून खासगी मालकीचा राहिला, रेल्वे करारानं त्यावर गाडी चालवत आली, आणि कारभार मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागाकडे होता. ग्रामपंचायतीचा ठराव म्हणजे परवानगी नव्हे. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं १९८९ च्या रेल्वे कायद्यानं गुन्हा आहे. पडलेला रुळाचा तुकडा घरी नेणंही कायद्यात बसत नाही. लेखी परवानगी हातात येईपर्यंत चर खणू नका, गवतही कापू नका.

इंग्लंडमधल्या डेव्हनची एक लहान रूळगाडी १९३५ साली बंद पडली. तिच्या चाहत्यांनी वुडी बे हे स्टेशन १९९५ मध्ये विकत घेतलं आणि तिथून गाडी २००४ मध्ये सुटली. आधी स्टेशन, नऊ वर्षांनी गाडी. पण जागा त्यांच्या नावावर होती. आपली नाही, म्हणून आपल्याला कागद आधी लागतो. आणि कागदाला वेळ लागणार असेल, तर आठवणी आणि फोटो गोळा करायला कुणाचीही परवानगी लागत नाही.

परवानगी मिळाली आणि दगड-चुना ठरला, तर महिने नीट मोजा. पावसाळ्यात चुना धरत नाही. दिवाळीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत कापूस वेचणीमुळे मजूर मिळत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात चुना पाणी सुकून भुकटी होतो. उरतात ते संक्रांतीपासून मार्चअखेरपर्यंतचे अडीच महिने. साठ मीटरची कड तेवढ्यात होते, पण चुना डिसेंबरातच विझवून हौदात टाकलेला हवा, आणि पाथरवटाला दसऱ्यालाच विसार दिलेला हवा.