उबुंटूचा रिकव्हरी मोड : विसरलेला पासवर्ड, न गमावलेले फोटो

घरातला जुना लॅपटॉप सहा महिन्यांनी उघडला आणि पासवर्ड काही केल्या आठवेना. त्यावर विंडोजऐवजी उबुंटू २२.०४ ही लिनक्सवर आधारित कार्यप्रणाली आहे. दुरुस्तीच्या दुकानात नेला, तर ‘फॉरमॅट मारावा लागेल, आतले काही राहणार नाही’ असे सांगून वर साडेसातशे रुपये मागण्यात आले. फोटो गमावण्याची तयारी नसल्याने तो परत आणला आणि उबुंटूतच असलेली रिकव्हरी मोडची, म्हणजे दुरुस्तीसाठी संगणक वेगळ्या प्रकारे सुरू करण्याची, सोय वापरून पाहिली.

सुरुवातच जरा नाजूक आहे. संगणक सुरू होतानाचा मेनू मिळवण्यासाठी यूईएफआय (संगणक सुरू करणारी, बायोसची जागा घेतलेली नवी व्यवस्था) असलेल्या यंत्रावर कंपनीचे चिन्ह दिसून जाताच एस्केप दाबायचे असते, जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवायचे असते. मी अधीरपणे चार-पाच वेळा एस्केप दाबले आणि मेनूऐवजी ग्रबच्या (उबुंटू सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) काळ्या पडद्यावर जाऊन पडलो. दुसऱ्या खेपेला मात्र मेनू मिळाला. त्यातल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून रिकव्हरी मोड आणि पुढच्या यादीतून ‘रूट’ निवडले, की एंटर दाबताच संगणकाचा सर्वाधिकार हाती येतो. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीत रूटचे, म्हणजे सर्वाधिकाराचे, खाते कुलूपबंद असेल, तर असाच प्रयत्न तिथेच अडतो. त्या मानाने उबुंटू उदार आहे.

खरी मेख पुढे आहे. या अवस्थेत डिस्क केवळ वाचण्यापुरती जोडलेली असते. यादीच्या मथळ्यात तसे लिहिलेले असते, पण तिकडे लक्ष कोणाचे जाते? मी थेट ‘पासडब्ल्यूडी’ ही आज्ञा आणि वापरकर्त्याचे नाव दिले, नवा पासवर्ड दोनदा टाइप केला (टाइप करताना पडद्यावर एक ठिपकाही उमटत नाही, त्यामुळे कीबोर्ड बिघडल्याचा भास होतो) आणि उत्तर आले, ‘ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर’. यावरून डिस्कवर लिहिता येत नाही, हे नवख्या माणसाने कसे ओळखावे? डिस्क जोडणारी ‘माउंट’ची आज्ञा रीमाउंट (पुन्हा जोडणे) आणि आरडब्ल्यू (वाचणे व लिहिणे) या पर्यायांसह दिल्यावर तेच काम क्षणात झाले. या दुर्बोध संदेशासाठी मी पाचपैकी एक गुण कापतो.

लॉगिन झाल्यावरही एक धागा लोंबकळत राहतो. साठवलेल्या पासवर्डांची ‘कीरिंग’ जुन्याच पासवर्डाने बंद असते आणि क्रोम उघडताच ती तोच मागते. कीरिंग काढून टाकून नवी करता येते, पण क्रोमने जपलेले पासवर्ड तिच्यासोबत जातात. फोटो मात्र जसेच्या तसे मिळाले.

एवढ्या सहज मी आत शिरलो, म्हणजे लॅपटॉप हाती लागलेला कोणीही शिरू शकतो, ही या सोयीची दुसरी बाजू आहे. उबुंटू बसवतानाच लक्स या लिनक्समधील सोयीने डिस्क एन्क्रिप्ट (सांकेतिक शब्दाशिवाय वाचता न येणारी) केली असती, तर ती वाट बंद झाली असती. पण त्या डिस्कचा सांकेतिक शब्द विसरलो असतो, तर रिकव्हरी मोडचा काही उपयोग नव्हता आणि दुकानदाराचे म्हणणे खरे ठरले असते.