क्विटो की ला पाझ? आधी कुठलं करायचं

मागच्या महिन्यात मावसबहिणीचा फोन आला. जूनमध्ये तीन आठवडे सुट्टी आहे, मावशी-काकाही येतायत, दक्षिण अमेरिकेत जायचं पक्कं आहे, तर इक्वेडोरमधलं क्विटो करू की बोलिव्हियातलं ला पाझ? दोन्ही अँडीज पर्वतातली, दोन्हीकडे केबल कार, दोन्हीकडे जुनी चर्चेस, फोटो बघून सगळं सारखंच वाटतंय म्हणाली. मी दोन्हीकडे जाऊन आलेय आणि ला पाझला पहिल्याच रात्री माझी चांगली वाट लागली होती, म्हणून तिला फोनवर जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितेय.

आधी उंचीचं बोलू, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. क्विटो २८५० मीटरवर, ला पाझ साधारण ३६४० वर. आठशे मीटरचा फरक कागदावर काही वाटत नाही, पण क्विटोत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७२ टक्के असतो आणि ला पाझला ६५ च्या आसपास, आणि शरीराला हे सात टक्के लगेच कळतात. लेहला जाऊन आला असाल (३५०० मीटर) तर ला पाझ म्हणजे लेहपेक्षा थोडं वरच. त्यात एअरपोर्टची गंमत बघा. ला पाझचा एअरपोर्ट एल आल्तो या वरच्या शहरात आहे, ४०६० मीटरवर, म्हणजे विमानातून उतरल्या उतरल्या तुम्ही सगळ्यात उंच जागी असता आणि मग टॅक्सीने खाली शहरात येता. क्विटोचा २०१३ ला सुरू झालेला नवा एअरपोर्ट शहराच्या बाहेर खालच्या बाजूला आहे, २४०० मीटरवर, म्हणजे तिथं शरीराला थोडं थोडं वर चढायला मिळतं.

माझं काय झालं, तर मी सखल भागातून थेट ला पाझला उतरले, हॉटेलला लिफ्ट नव्हती, बॅग स्वतःच तिसऱ्या मजल्यावर नेली (कोण सांगणार होतं मला!), रात्री दाबून जेवले आणि दोन वाजता श्वास अडकल्यासारखा होऊन दचकून उठले. डोकं असं ठणकत होतं की उशीसुद्धा टोचत होती. सकाळी हॉटेलच्या बाईंनी काही न विचारता कोकाच्या पानांचा चहा पुढं ठेवला, तोंड बघूनच कळलं असणार. या त्रासाला तिथं सोरोचे म्हणतात. कोकाचा चहा तिथं कायदेशीर आहे, बिनधास्त प्या, पण पानं बॅगेत टाकून घरी आणू नका, आपल्याकडे तो गुन्हा आहे. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही हे निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा, सल्फाची ऍलर्जी असेल तर नक्कीच सांगा. आणि पहिले दोन दिवस दारू नाही, जड जेवण नाही, जिना दिसला की थांबायचं.

आता शहर म्हणून. क्विटोचं जुनं गाव बघायला खरंच सुंदर आहे, १९७८ ला युनेस्कोची पहिलीच यादी आली त्यात होतं. ला कोंपान्यिया नावाचं चर्च १६०५ ला बांधायला घेतलं आणि पूर्ण व्हायला १६० वर्षं लागली, आत भिंती-छत सगळीकडे सोन्याचा मुलामा, डोळे दिपतात. पण मला जास्त आवडलं ते बासिलिका हे दुसरं मोठं चर्च. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर नेहमीच्या राक्षसी तोंडांऐवजी इक्वेडोरचेच प्राणी कोरलेत, इग्वाना, कासव, आर्माडिलो. आणि मनोऱ्यावर चढायला शेवटी चक्क उभ्या लोखंडी शिड्या आहेत, काकांना खालीच कॉफी पाजत बसवा. विषुववृत्ताचं स्मारक शहरापासून २५-२६ किलोमीटरवर, तिथं पिवळ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून सगळे फोटो काढतात, खरं विषुववृत्त मात्र जीपीएसप्रमाणे तिथून साधारण २४० मीटर उत्तरेला आहे. शेजारच्या छोट्या म्युझियममध्ये रेघेच्या इकडे पाणी एका बाजूला फिरतं आणि तिकडे दुसऱ्या बाजूला असं करून दाखवतात, ती हातचलाखी आहे, पण मजा येते, जा.

ला पाझमध्ये असं एकेक ठिकाण बघायला जायचं नसतं, शहरच बघायचं असतं. एक मोठी वाटी समजा, वाटीच्या काठावर एल आल्तो, उतारावर विटांची घरं, तळाला श्रीमंत वस्ती. आपल्याकडे टेकडीवर बंगला म्हणजे पैसेवाला, इथं बरोब्बर उलटं, पैसा असेल तर खाली राहायचं, कारण खाली हवा जास्त आणि थंडी कमी. हे सगळं समजतं ते "मी तेलेफेरिको" या केबल कारमध्ये बसल्यावर. २०१४ ला सुरू झालेली ही सेवा टुरिस्टांसाठी नाही, लोकांची लोकल आहे ती, दहा लाइन्स, लाल-पिवळी-हिरवी अशी रंगांची नावं, एका लाइनचं तिकीट मी गेले तेव्हा ३ बोलिव्हियानो. लाल लाइन स्मशानभूमीवरून जाते, खाली भिंतीतल्या कप्प्यांत ठेवलेली फुलं दिसतात, मग गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे, भुंकणारं कुत्रं, आणि समोरच्या सीटवर गोल हॅट आणि घेरदार परकर घातलेली आजी पाठीवरच्या रंगीत गाठोड्यात बटाटे घेऊन शांत बसलेली. वर एल आल्तोत उतरलात आणि वार गुरुवार किंवा रविवार असेल तर तिथला प्रचंड बाजार भरलेला असतो, मोबाइल आणि पाकीट आतल्या खिशात. क्विटोची केबल कार वेगळी, ती पिचिंचा डोंगरावर जवळपास ४००० मीटरपर्यंत नेते, वरून दृश्य जबरदस्त, पण ती सहल आहे. पहिल्या दिवशी तिच्या वाटेलाही जाऊ नका, तिसऱ्या दिवशी जा आणि सकाळी जा, दुपारी ढग येतात.

ला पाझच्या मुरिल्यो चौकात संसदेवरचं घड्याळ उलटं फिरतं, २०१४ पासून, आम्ही दक्षिण गोलार्धातले आमचं घड्याळही दक्षिणेचं असं म्हणून. माझा नवरा पाच मिनिटं तोंड उघडं ठेवून बघत होता.

खाण्यात क्विटोला झुकतं माप, निदान शाकाहारींसाठी. यापिंगाचो म्हणजे चीज भरलेल्या बटाट्याच्या टिक्क्या, वर शेंगदाण्याचा सॉस, आणि लोक्रो नावाचं बटाट्याचं दाट सूप, त्यात अवोकाडो. ला पाझला सकाळी जी साल्तेन्या (भाजलेली करंजी) विकतात ती बहुतेक मांसाची असते, पण याहुआ चटणी मात्र चुकवू नका, लोकोतो मिरची आणि टोमॅटो दगडावर वाटलेला, अगदी आपला पाटा-वरवंटाच, चवीला ठेच्याच्या जवळ. थंडीत जांभळ्या मक्याचं गरम आपी आणि सोबत तळलेली चीजची पुरी, यावर माझे दोन ब्रेकफास्ट झाले. दोन्हीकडे फक्त "सिन कार्ने" (मांस नको) म्हणून भागत नाही, त्यांच्या हिशेबात कोंबडी म्हणजे कार्ने नाही, "सिन पोल्यो" (कोंबडी नको) पण म्हणा आणि सूप कशात उकळलंय ते विचारा.

जूनचं हवामान म्हणाल तर क्विटोत वर्षभर साधारण १० ते २० डिग्री, जूनपासून पाऊस कमी होतो. ला पाझला जून म्हणजे कोरडं, निळंशार आकाश, इयिमानी शिखर स्वच्छ दिसतं, पण रात्री पारा शून्याच्या आसपास आणि साध्या हॉटेलात हीटर नसतो, बुक करताना विचाराच. जूनचा एक फायदा मात्र ला पाझलाच आहे, २१ जूनला पहाटे तिवानाकू या प्राचीन शहराच्या अवशेषांत तिथल्या आयमारा लोकांच्या नववर्षाचा सूर्योदय बघायला गर्दी जमते, शहरापासून ७० किलोमीटर, दातावर दात वाजतात पण दिसतं ते वेगळंच.

पुढं कुठं जायचंय तेही बघा. क्विटोहून गालापागोस बेटं (२०२४ पासून परदेशी मोठ्या माणसाला प्रवेश फी २०० डॉलर, बजेटमध्ये धरा) नाहीतर दोन तासांवर मिंदोचं जंगल, तिथं उंचीही खाली येते. ला पाझहून उयुनीचं मिठाचं मैदान आणि तितिकाका सरोवर. सरोवराकाठच्या कोपाकाबाना गावाला जाताना तिकिनाच्या सामुद्रधुनीपाशी प्रवाशांना उतरवून छोट्या होडीत बसवतात आणि बस वेगळ्या तराफ्यावरून पलीकडे जाते, आपली बस डुलत डुलत पाण्यातून चाललीय हे काठावरून बघताना पोटात गोळा येतो. पण यातलं काहीही उंचीवरून खाली आणत नाही, तितिकाका ३८१२ आहे.

कटकटी दोन्हीकडे आहेत. क्विटोत डॉलरच चालतो, २००० पासून, त्यामुळे हिशेब सोपा, मेट्रोही आहे, पण रात्री जुन्या गावात पायी हिंडायचं नाही आणि पानेसियो टेकडीवर टॅक्सीनेच जायचं. बोलिव्हियात रस्ता अडवून बसणं हा आंदोलनाचा नेहमीचा प्रकार, एखाद दिवस हातात राखून ठेवा, विमानाच्या आदल्या दिवशी लांबची बस नको.

मग बहिणीला काय सांगितलं? मावशींना बीपी आहे, काका लेहला एकदा ऑक्सिजन लावून झोपलेत, तर क्विटो. चार दिवस शहर, मग मिंदो, मग जमलं तर बेटं. मावशी-काका सोबत नसते तर मी डोळे झाकून ला पाझ म्हटलं असतं, त्या शहरासारखं दुसरं मी बघितलेलं नाही. दोन्ही करायचीच असतील तर आधी क्विटो, मग ला पाझ, उलट नको. आणि तिकिटाआधी यलो फीवरची लस, निघायच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच मिळते, कारण या देशांतून परत येताना लसीचं ते पिवळं कार्ड नसलं तर मुंबईला उतरल्यावर थेट क्वारंटाइन. काकांचं वय साठच्या वर आहे म्हणून त्यांनी लस घ्यायची का ते आधी डॉक्टरांना विचारा असं मी दोनदा सांगितलं, तरी बहीण कानटोपी कुठली घेऊ हेच विचारत होती.