अनुस्वार निसटलेली टोपी

दिवाळीच्या तोंडावर, ऑक्टोबर 2024 मध्ये, मी भरतकाम केलेल्या तीन टोप्या मागवल्या. प्रत्येकी साडेसातशे रुपये. दोन त्यांच्या तयार डिझाइनच्या, तिसरीवरचा मजकूर माझा. विकणारे म्हणजे शहरातले दोन तरुण, भरतकामाचं एक मशीन आणि इन्स्टाग्रामवरचं एक खातं. नाव सांगत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि पोरं मनाने वाईट नाहीत.

आता ऑगस्ट संपत आला, गणपती दारात आलेत. दहा महिने झाले, म्हणजे बोलायला हरकत नाही.

मी देवगड तालुक्यातला. घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर, मागे हापूसची सव्वाशेक कलमं. पुण्यात सात वर्षं नोकरी करून परत आलो. टोपी माझ्या डोक्यावर दिवसाचे सात-आठ तास असते. ‘रंग मस्त, फिटिंग छान, पाच तारे’ लिहिणाऱ्यांची टोपी एसी गाडीतून हॉटेलात जाते आणि परत येते. माझी फवारणीला जाते, झाडावर चढते, जेटीवर मासळी आणायला जाते. खारं वारं, घाम आणि आंब्याचा चीक, ही तिची परीक्षा.

तीन टोप्या अशा. काळीवर ‘दुसरी बाजू’ आणि खाली बोटभर कॅसेट. कॅसेट काढून उलटी लावलेली पिढी हे वाचून लगेच हसते. गाजलेलं गाणं पहिल्या बाजूला असायचं आणि बँडवाल्यांचं स्वतःचं लाडकं बऱ्याचदा दुसऱ्या. पुण्यात 2010 साली एनएच सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला तेव्हा मी कॉलेजात होतो. तिथे नाव न ऐकलेल्या बँडची गाणी ऐकायची आणि बाहेर पडताना स्टॉलवरचे टी-शर्ट नुसते हाताळून ठेवून द्यायचे, कारण खिशात परतीच्या बसपुरते पैसे. ही टोपी म्हणजे तेव्हाची उधारी फेडली म्हणा. राजकारणाचा अर्थ काढायचा तर तोही निघतो, आणि काढणारे काढतातच.

दुसरी हिरवट, ‘आधी रस्ता, मग भाषण’. कोकणातल्या माणसाला हिचा अर्थ सांगायला नको. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम 2011 साली सुरू झालं. तेव्हा पाळण्यात असलेली मुलं आता नववी-दहावीत आहेत आणि गणपतीला येणारे चाकरमानी अजून खड्डे मोजतच येतात.

तिसरी फिक्या रंगाची, माझी. दोन ओळी: ‘आंबा आमचा, भाव कोणाचा?’ पेटी आम्ही भरायची, गाडीभाडं आम्ही द्यायचं, भाव वाशीच्या घाऊक बाजारात ठरायचा आणि पट्टी (दलालाचा हिशेब) हातात आली की मग कळायचं आपण वर्षभर कशासाठी राबलो. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाहेरचा आंबा हापूस म्हणून खपतोच. हे सगळं टोपीवर मावणार नव्हतं, म्हणून चार शब्द.

आधी कापड आणि बांधणी उरकतो. कापड सुती ट्विल, जाड, दहा महिन्यांत कुठे विरलं नाही. पुढच्या चोचीत (मी तिला चोचच म्हणतो) प्लास्टिकची पट्टी आहे. पुठ्ठा असता तर पहिल्या पावसात पापड झाला असता. मागे पितळी बक्कल आहे. तिच्यावर डिसेंबरातच हिरवट थर चढला. चिंचेने घासला की जातो, महिन्याने परत येतो. वाऱ्यासाठीची भोकं दोऱ्याने शिवलेली आहेत. ही फार मोठी गोष्ट. माझ्या आधीच्या टोपीला लोखंडी रिंगा होत्या. समुद्राकाठी त्या तीन महिन्यांत गंजल्या आणि कापडावर विड्याच्या पिचकारीसारखे डाग पडले. किनाऱ्यावर राहत असाल तर घोषणा वाचण्याआधी भोकं बघा.

आता भरतकाम. ह्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण देवनागरीत टोपी करून घेणाऱ्याने हे माहीत करून घ्यायलाच हवं. मला पैसे गेल्यावर कळलं.

दोरा पॉलिस्टरचा की रेयॉनचा, हे पहिलं. आतल्या बाजूला लोंबणारं टोक कापून काडी लावली. वितळून गाठ झाली, म्हणजे पॉलिस्टर. रेयॉन कापसासारखा जळून राख होतो. रेयॉनला चमक जास्त असते, पण उन्हात आणि सारख्या धुण्यात तो लवकर हार खातो. पॉलिस्टरचा रंग दहा महिने उन्हात राहूनही टिकलाय. काळं कापड चॉकलेटी व्हायला लागलं, अक्षरं मात्र पांढरी शुभ्र.

दुसरं, अक्षराची ठेवण. टोपी गोल असते, शिवताना कापड सरकतं. म्हणून मशीनवर टोपी भरताना साधारण मधून बाहेर आणि खालून वर असं जातात. रोमन अक्षरं खालच्या ओळीवर उभी असतात, त्यांना हे मानवतं. आपली अक्षरं मात्र शिरोरेघेला टांगलेली. खालून वर भरत आणलं की शिरोरेघ शेवटी येते आणि तोवर कापड केसभर हललेलं असतं. माझ्या हिरव्या टोपीवर ‘भाषण’मधल्या ‘ष’ आणि ‘ण’च्या डोक्यावर रेघ तुटून पायरी पडलीय. त्यात ही सहा तुकड्यांची टोपी, म्हणजे बरोबर कपाळावर उभी शिवण. शिवणीवर आलेलं अक्षर आत बसतं. ‘रस्ता’मधला ‘स्ता’ नेमका तिथे आला. रस्ताच खचलाय म्हणून सगळे हसतात, त्यामुळे ह्याची तक्रार केली नाही. पाच तुकड्यांच्या टोपीला पुढे शिवण नसते. देवनागरीसाठी तीच मागा. अक्षरंही मोठी ठेवा, कारण मात्रा-वेलांट्यांना वर-खाली जागा लागते आणि एक मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ मशीन नीट भरत नाही.

तिसरं, आतली बाजू. भरतकामाला टेकू म्हणून मागे कागदासारखं अस्तर लावतात. काम झालं की ते फाडून काढायचं. ह्यांनी अर्धवट फाडलं होतं. पहिल्या आठवड्यात कपाळावर घामोळं आलं. आईने जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा आतून टाचून दिला तेव्हा सुटका झाली.

हे झालं सामानाचं. मजकुराचा अनुभव वेगळा आहे, आणि खरं सांगायचं तर जास्त मजेचा.

शहरात माणसं टोपी वाचून पुढे जातात. गावात वाचून थांबतात. हिरवी टोपी पहिल्यांदा घालून एसटी स्टँडवर गेलो तर तिघांनी विचारलं, ‘कुठल्या पक्षाची?’ कुठल्याच नाही म्हटल्यावर विश्वास बसला नाही. एकाने शांतपणे सांगितलं, ‘मग फुकट कशाला डोक्यावर घेतलंस?’ त्याच दिवसांत विधानसभा निवडणुकीचा प्रचार चालू होता. 20 नोव्हेंबरला मतदान. केंद्राच्या शंभर मीटरच्या आत प्रचार चालत नाही. माझी टोपी कुणाचाच प्रचार करत नव्हती, तरी हवालदार म्हणाला, ‘साहेब, ती खिशात ठेवा, उगाच वाद नको.’ ठेवली. त्याचंही बरोबरच होतं.

एकदा ऊन मानेवर येत होतं म्हणून चोच मागे फिरवली, तर पेटीला खिळे मारणारा बाळूकाका ओरडला, ‘बघा, निकाल लागायच्या आधीच ह्याने टोपी फिरवली!’ त्या दिवसापासून मान भाजली तरी चोच पुढेच.

काळी टोपी मात्र कुठेही चालली. शिमग्यानंतर आमच्याकडे डबलबारी होती. ज्यांनी सिंधुदुर्गातली डबलबारी ऐकली नसेल त्यांच्यासाठी: दोन भजनी बुवा समोरासमोर, पखवाज, झांजा, आणि गजरातून एकमेकांची आणि मध्येच सरकारची टोपी उडवणं. कंपनी नाही, लेबल नाही, बुवा स्वतः बांधतो आणि स्वतः गातो. शहरात ज्याला इंडी म्हणून तिकीट लावतात ते इथे देवळासमोर चटईवर बसून पहाटे चारपर्यंत फुकट ऐकायला मिळतं. मी पुढे बसलो होतो. दुसऱ्या बुवांची नजर टोपीवर गेली आणि त्यांनी जागच्या जागी ‘पहिली बारी बघा घामेजली, दुसरी बाजू आता उभी रायली’ असं काहीसं जोडून दिलं. मांडव हसून कोसळला. पहिल्या बुवांचा पखवाजवाला मात्र पुढचा तासभर माझ्याकडे खाऊ की गिळू बघत होता. साडेसातशे रुपये तिथेच वसूल झाले.

आता तिसरी टोपी.

ही काढणीच्या हंगामात रोज वापरली. मार्च ते मे झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) आंबे उतरवताना देठाचा चीक उडतो; कातडीवर पडला तर भाजतो, कापडावर पडला तर काळा डाग कायमचा. फिकी टोपी घेणं ही माझी चूक. फवारणीला मी हिरवी वापरायचो आणि ती घरात आणायचो नाही, पडवीतच खुंटीला. मोहोरावरच्या तुडतुड्यांसाठी जे मारतो ते डोक्यावर घेऊन स्वयंपाकघरात फिरणं बरं नाही. फवारणीची टोपी वेगळीच ठेवा.

ह्या वर्षी पावसानेही थट्टा केली. 25 मेच्या सुमारास मान्सून तळकोकणात उतरलासुद्धा. झाडावरचा शेवटचा आंबा तसाच भिजला. मी धावपळीत तीच टोपी घालून तीन दिवस भिजत राहिलो, मग धुतली, वाळत घातली. वाळेचना. शेवटी चुलीच्या वर दोरीला बांधली. दोन दिवसांनी घालून पडवीत आलो, तर आबा चष्मा सारखा करून माझ्या कपाळाकडे बघत राहिले आणि मोठ्याने वाचू लागले:

‘आबा आमचा, भाव कोणाचा?’

टोपी काढून बघितली. ‘आं’वरचं टिंब गायब. बाकी सगळं शाबूत, काने, मात्रा, अगदी प्रश्नचिन्हही. फक्त अनुस्वार गेलेला.

का गेला, ते नंतर समजून घेतलं. शिरोरेघेला जोडलेलं अक्षर सलग भरलं जातं, दोरा एकमेकांत अडकलेला राहतो. टिंब एकटं. त्यासाठी सुई उचलून दुसरीकडे जाते, थोडे टाके मारते, सुरुवातीला आणि शेवटी गाठीचे बारीक टाके घेते आणि दोरा कापते. गाठीचे टाके कमी पडले किंवा दोरा फारच जवळ कापला, की भिजणं-वाळणं-घासणं ह्यात एक टोक सुटतं आणि अख्खं टिंब उसवून येतं. रोमनमध्ये ‘आय’च्या टिंबाचंही हेच होतं, पण ते गेलं तरी शब्द वाचता येतो. आपल्याकडे अनुस्वार गेला की आंब्याचे आबा होतात.

आबा माझे आजोबा, वय अठ्ठ्याहत्तर. समाजवादी खासदार नाथ पैंची सभा ऐकलेले, पुढे मधू दंडवत्यांच्या प्रचाराला सायकलवरून हिंडलेले. आधीच्या दोन टोप्यांवर त्यांचं मत एका वाक्यात होतं: ‘आमच्या टायमाक टोपयेर लिवूक लागत नाय होता. रंग बघून माणूस समजा.’ पांढरी कोणाची, काळी कोणाची, हे पोरालाही ठाऊक असायचं. खळ घालून इस्त्री केलेली पांढरी टोपी त्यांच्या पेटीत अजून आहे. ही टोपी मात्र त्यांनी माझ्या हातातून घेतली, उलटीसुलटी केली आणि डोक्यावर ठेवली. ‘ह्यां बराबर लिवलाहा,’ एवढंच म्हणाले.

मी विकणाऱ्यांना फोटो पाठवला. दोन दिवस उत्तर नाही. मग लांबलचक माफी, आणि ‘टोपी परत पाठवा, टिंब भरून देतो, कुरिअरचा खर्च तुमचा’. हे मला पटलं नाही. चूक त्यांच्या गाठीची, खर्च माझा कसा? तसं कळवलं. आठवड्याने म्हणाले, राहू द्या, नवीन पाठवतो. पाठवायला त्यांना दीड महिना लागला, पण पाठवली, आणि पैसे मागितले नाहीत. तेवढं श्रेय द्यायला हवं. बाकी पावसाळ्यातली बुरशी काही चुकली नाही. काळीच्या आतल्या पट्टीवर जुलैत पांढरी बुरशी आली; कोमट पाणी, साबण आणि पाऊस थांबेल त्या तासाभराचं ऊन, ह्यापलीकडे उपाय सापडला नाही. कपाटात ठेवू नका, खुंटीलाच ठेवा.

पुन्हा घेईन का? काळी घेईन. हिरवी पाच तुकड्यांची मिळाली तर घेईन. स्वतःचा मजकूर द्यायचा असेल तर आधी मशीनवर साध्या कापडाच्या तुकड्यावर भरून त्याचा फोटो मागवा, आणि टिंबं, नुक्ते, स्वल्पविराम ह्यांच्या गाठी पक्क्या करा असं लेखी सांगा.

नवीन टोपी गेल्या आठवड्यात आली. टिंब नखाने ओढून बघितलं, घट्ट आहे. आबांना म्हटलं, ही घ्या, बरोबर लिहिलेली. त्यांनी वाचली आणि मला परत दिली. काल ते जुनीच घालून जामसंड्याच्या बाजारात गेले होते, गणपतीच्या माटवीचं सामान आणायला. चिकाचे डाग, निम्मी धुरकटलेली, पुढे ‘आबा आमचा’. दुकानदाराने भाव कमी केला म्हणे.