हर्पिसच्या खोट्या भीतीवर माझ्या दिराकडून उकळलेले पैसे

लग्न ठरलेल्या मुलाला ‘तुला हर्पिस झालाय’ असं सांगून लुबाडण्याचा प्रकार आमच्या घरात घडला. हर्पिस म्हणजे विषाणूमुळे ओठांवर किंवा गुप्तांगावर फोड येणारा आजार. दिराला विचारूनच लिहितेय. त्याचं नाव देणार नाही आणि त्या जागेचंही नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. पण गप्प बसवत नाही. या आजाराचं नाव काढायला माणूस लाजतो, आणि त्या लाजेवरच ही मंडळी पोट भरतात.

दीर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. सुपारी फुटली आणि थोड्याच दिवसांत त्याच्या जांघेत एक दुखरा फोड आला. घाबरून तो रिक्षामागच्या जाहिरातीवरचा नंबर लावून एका ‘गुप्तरोग तपासणी केंद्रा’त गेला. पांढऱ्या कोटातल्या माणसाने फोड बघितलासुद्धा नाही. दंडाला रबर बांधलं, रक्त काढलं आणि दुसऱ्या दिवशी बोलावलं. रिपोर्टवर लिहिलेलं होतं : एचएसव्ही 1 व 2, आयजीएम, पॉझिटिव्ह. एचएसव्ही म्हणजे हर्पिसचा विषाणू, 1 आणि 2 हे त्याचे टाइप, आणि आयजीएम ही रक्तातली एक अँटिबॉडी.

मग सुरू झाली भीती घालणं. बायकोला लागण होणार, मूल आंधळं जन्मणार, सासरी कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. उपाय एकच, त्यांच्याकडचा तीन महिन्यांचा कोर्स. शेवटी पुन्हा रक्त तपासून ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट काढून देणार. भिशीचे पैसे आणि मित्राकडची उसनवारी मिळून अठ्ठावीस हजार गेले. हातात काय, तर लेबल नसलेल्या बाटल्या आणि पुड्या. पावती मागितली तर म्हणे, “अशा आजाराची पावती घरी सापडली म्हणजे?”

एका रात्री तो म्हणाला, “वहिनी, ते लग्न मोडा. कारण काय बी विचारू नका.” मी विचारलं. “भाऊजी, कारण सांगितल्याशिवाय मी आत्यांपुढं तोंड उघडणार नाही,” म्हटल्यावर रडतच त्याने सगळं सांगितलं.

सकाळी त्याला घेऊन सिव्हिल गाठलं, केसपेपर काढला आणि त्वचारोग विभागात बसलो. तिथल्या मॅडमनी पडद्याआड नेऊन उजेडात नीट तपासलं. केसतोड होता. मध्ये केस, भोवती पू. हर्पिसचे फोड बहुधा बारीक, पाणी भरलेले, घोळक्याने येतात, आग होते, मग फुटून जखमा होतात. रिपोर्ट बघून मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, “फोडातला स्वॅब कुणी घेतला होता का?” पुढे त्यांनी जे समजावलं, ते सगळ्यांना कळायला हवं.

अंगावर फोड किंवा जखम असेल तर तपासणी तिथल्या द्रवाची करायची. ताज्या फोडातून कापसाच्या काडीने नमुना (स्वॅब) घेऊन पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, करतात. विषाणू आहे का आणि असेल तर टाइप 1 की टाइप 2, हे त्यात कळतं. फोड आल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत नमुना घेतला तर उत्तम. खपली धरली की विषाणू सापडणं अवघड होतं, आणि मग निगेटिव्ह आलेल्या रिपोर्टवरून आजार नाहीच असंही म्हणता येत नाही. पूर्वी कल्चर, म्हणजे नमुन्यातला विषाणू प्रयोगशाळेत वाढवून बघणं, जास्त करत, पण ते पीसीआरपेक्षा कमी पकडतं. त्झँक स्मिअर नावाची स्वस्त तपासणीही आहे. काचेवर पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पण त्यात हर्पिसचा टाइप कळत नाही आणि कांजिण्यांच्या विषाणूनेही पेशी तशाच दिसतात.

रक्तात विषाणू शोधत नाहीत, अँटिबॉडी, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, शोधतात. त्यातही विचारायची ती टाइपनुसार केलेली आयजीजी या अँटिबॉडीची तपासणी. लागणीनंतर ती दिसायला काही आठवडे लागतात, कधी तीन महिनेही. आणि ती फक्त एवढंच सांगते की शरीराची या विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती. कुठे, केव्हा, कुणाकडून, हे ती सांगू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पन्नाशीच्या आतल्या सुमारे 64 टक्के लोकांना टाइप 1 ची लागण आहे. बहुतेकांना ती लहानपणीच झालेली असते, ओठांवर येणारे फोड त्याचेच. म्हणजे रस्त्यावरच्या दहा माणसांचं रक्त तपासलं तरी निम्म्याहून जास्त पॉझिटिव्ह निघू शकतात! टाइप 2 च्या आयजीजीचा रिपोर्टमधला आकडाही जेमतेम मर्यादेच्या वर असेल तर तो खोटा पॉझिटिव्ह असू शकतो. दुसऱ्या पद्धतीने खात्री केल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवायचा नसतो.

आणि आयजीएम? हर्पिसच्या निदानासाठी ती वापरूच नये असं तज्ज्ञ सांगतात. तिच्यात टाइप नीट वेगळा कळत नाही, जुन्या लागणीतही ती वर येते आणि चुकीची पॉझिटिव्हही येते. त्यांचा सगळा डाव मला इथे उमगला. आयजीएम काही काळाने आपोआपच खाली येऊ शकते. तीन महिन्यांनी निगेटिव्ह आली की श्रेय त्या पुड्यांचं! मुलगा पाय धरतो आणि आणखी चार मित्रांना पाठवतो. प्रत्यक्षात हर्पिसचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत लपून राहतो, त्याला शरीरातून काढून टाकणारं औषध आज नाही. असायक्लोव्हिर, व्हॅलसायक्लोव्हिर या गोळ्यांनी त्रास आणि दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता कमी होते. ‘रक्त साफ करून देतो’ म्हणणारा खोटंच बोलतो.

बाळाबद्दलची धमकी तर मला सर्वांत निर्दय वाटली. बाळंतपणात बाळाला लागण होऊ शकते, हे खरं. पण ते क्वचित घडतं, आणि धोका जास्त असतो तो आईला दिवस भरत आल्यावर नव्याने लागण झाली तर. कळा सुरू होताना जखमा असतील तर सिझेरियन करतात. म्हणून ज्या बाईला हा आजार असेल तिने प्रसूतितज्ज्ञांना आधीच सांगायचं. एवढ्यासाठी कुणाचं लग्न मोडावं लागत नाही.

गुप्तरोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीला 1954 च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. रिक्षावरच्या त्या जाहिरातीचा फोटो, रिपोर्ट, बाटल्या आणि फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद, सगळं आम्ही जपून ठेवलंय. महापालिकेच्या आरोग्य विभागात अर्ज दिलाय, ग्राहक आयोगाकडेही जाणार आहोत. तुमच्या घरात असं काही झालं असेल तर बाटल्या फेकू नका. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. आणि लैंगिक आजाराची शंका असेल, पण कुणाशी बोलायचं धाडस होत नसेल, तर 1097 हा सरकारी नंबर मोफत आहे, तिथलं बोलणं गोपनीय राहतं.