अपडेटनंतर कॉम्प्युटर उठत नाही: जुना कर्नल, पेनड्राइव्ह की फॉरमॅट?

पीक विम्याची मुदत संपायला दोन दिवस उरले होते. माझ्या दुकानाबाहेर बाकावर फॉर्म भरायला नऊ-दहा जण सातबारा घेऊन बसलेले आणि माझा उबंटूवाला (उबंटू ही लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम) डेस्कटॉप काळ्या स्क्रीनवर अडकलेला. आदल्या रात्री अपडेट चालू असतानाच लाईन गेली होती. स्क्रीनवर शेवटची ओळ: ‘कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस’. एका काकांनी दारातून विचारलं, “काहून दादा, आज होत नाही का?”

आमच्याकडे असं झालं की लोक मशीन पिशवीत घालून आर्वीला नाहीतर वर्ध्याला नेतात आणि तिथे पहिला सल्ला मिळतो तो फॉरमॅटचा. माझं मत अगदी उलट आहे.

मुळात बिघडतं काय ते बघा. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, अपडेट होतो तेव्हा ‘बूट’ फोल्डरमध्ये दोन मुख्य फाइली येतात. एक खुद्द कर्नल आणि दुसरी इनिटरॅमएफएस, म्हणजे हार्ड डिस्क ओळखायला लागणारे ड्रायव्हर घेऊन येणारी छोटी तात्पुरती सिस्टिम. ही दुसरी फाइल बनत असताना वीज गेली, किंवा ‘बूट’चं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा कप्पा, भरलेलं असलं, की नव्या कर्नलला डिस्कच सापडत नाही. तुमचे फॉर्म, फोटो, हिशेब जागच्या जागी असतात. जुना कर्नलही बहुतेक वेळा तिथेच असतो, कारण उबंटू नवा टाकताना आधीचा ठेवतो.

म्हणून पहिला मान जुन्या कर्नलला. मशीन चालू करताना, ते सुरू करणारी व्यवस्था जुनी (बायोस) असेल तर शिफ्ट दाबून धरा, नवी (यूईएफआय) असेल तर एस्केप हलकेच दाबत राहा. ग्रबचा, म्हणजे कोणत्या कर्नलवर सुरू व्हायचं ते विचारणारा, मेनू आला की ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन खालचा, कमी आकड्याचा कर्नल निवडा. इंटरनेट लागत नाही, पाच-दहा मिनिटांचं काम आहे आणि डेटाला धक्का नाही. बाकावरचे लोक मोकळे होतात, पण दुरुस्ती अजून बाकी असते, नाहीतर पुढच्या वेळी मशीन पुन्हा नव्या कर्नलवरच जाऊन अडकेल. आधी ‘बूट’मध्ये जागा आहे का ते बघा. नसेल तर सर्वांत जुने कर्नल काढा, मात्र ज्यावर आत्ता चालू आहात त्याला हात लावू नका. मग अर्धवट राहिलेली पॅकेजं ‘डीपीकेजी’ या कमांडने पूर्ण करा, इनिटरॅमएफएस नव्याने बनवा आणि शेवटी मेनू ताजा करायला ‘अपडेट-ग्रब’ ही कमांड चालवा.

मेनूच येत नसेल किंवा जुना कर्नलही पॅनिक होत असेल, तरच लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून इन्स्टॉल न करताच सिस्टिम चालते असा. इथे खरा खर्च डाउनलोडचा आहे. उबंटू २४.०४ ची आयएसओ (पेनड्राइव्हवर टाकायची फाइल) ५ जीबीच्या वर जाते, उबंटूसारख्याच लिनक्स मिंटची साधारण ३ जीबीची. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर त्यातच दोन ते चार दिवस जातात. पेनड्राइव्हवरून चालू झालात की आधी आपल्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्या, मग रूट पार्टिशन (ज्यावर आपली सिस्टिम आहे ते) माउंट करून, म्हणजे जोडून, ‘सीएचरूट’ कमांडने त्या सिस्टिमच्या आत शिरा आणि वरचीच दुरुस्ती करा. एक चूक मला पूर्ण दुपार महागात पडली: ‘बूट’चं पार्टिशन वेगळं होतं आणि मी ते माउंटच केलं नाही. नवी इनिटरॅमएफएस रूटमधल्या रिकाम्या फोल्डरात बनली, एकही एरर आला नाही आणि रीस्टार्ट केल्यावर पुन्हा तोच पॅनिक. यूईएफआय असेल तर ‘बूट’च्या आतलं ‘ईएफआय’ही माउंट करा.

फॉरमॅट सोपा वाटतो, कारण इन्स्टॉलर अर्ध्या-पाऊण तासात मोकळा होतो. पुढे प्रिंटर, स्कॅनर, मराठी कीबोर्ड, फॉन्ट हे बसवताना दोन दिवस जातात. आमच्या गावातल्या एका ताईंचं मशीन तालुक्याच्या दुकानात न विचारता फॉरमॅट केलं गेलं. त्यात बचत गटाचा चार वर्षांचा हिशेब होता. तो गेला याचा मला आजही राग येतो, कारण दुकानदाराने आधी मेनूत जुना कर्नल शोधून बघायला हवा होता. इन्स्टॉल नव्याने करायला मी एकाच वेळी सांगेन: डिस्कच मरायला लागली असेल, स्क्रीनवर ‘इनपुट/आउटपुट एरर’ सारखे येत असतील तेव्हा. मग नवी एसएसडी घ्या आणि जुनी डिस्क तशीच बाजूला ठेवा.

अपडेट नीट पूर्ण होऊनही नवा कर्नल चालत नसेल, तर बहुधा वायफाय किंवा ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरची भानगड असते. तेव्हा काही आठवडे कर्नल होल्डवर ठेवा, म्हणजे त्याचं अपडेट थांबवा. कायमचा नको, सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबतात.

माझ्या मशीनवर आता ग्रबचा मेनू दर वेळी पाच सेकंद दिसतो. आभाळ भरून आलं असेल, इन्व्हर्टर उतरलेला असेल, तर अपडेट दुसऱ्या दिवशी. आणि मिंटचा पेनड्राइव्ह दुकानाच्या किल्ल्यांच्या जुडग्यातच अडकवलेला असतो.