अभिलेखागाराचं पोर्टल: बाकी चांगलं, पण पानं किती ते सांगा!

ठाण्याच्या खाडीवरच्या मिठागरांचे जुने महसुली कागद शोधायला पावसाळ्याआधीपासून एका अभिलेखागाराचं पोर्टल वापरतोय. नोंदणी, लॉगिन वगैरे वापरणाऱ्यांना ठाऊक आहे. लिहायला बसलो ते स्कॅनच्या बिलामुळे.

स्कॅनचे पैसे पानामागे, आणि फाइलच्या नोंदीत पानं किती याचा पत्ता नाही! मागवलेल्या फाइलीत निम्म्याहून जास्त नुसते हिशेबाचे तक्ते निघाले. पैसे सगळ्या पानांचे गेले. विचारलं तर उत्तर आलं, फाइल काढल्याशिवाय सांगता येत नाही. मग नोंद करताना फाइल हातात नव्हती का?

आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेच्या आयसॅड-जी या, जुन्या कागदांच्या नोंदी कशा लिहायच्या ते सांगणाऱ्या मानकात (दुसरी आवृत्ती, २०००) वर्णनाचे २६ घटक आहेत. त्यातले सहा अत्यावश्यक मानलेत: संदर्भ क्रमांक, शीर्षक, निर्माता (कागद कोणी तयार केले), तारीख, व्याप्ती आणि वर्णनाची पातळी (नोंद अख्ख्या गटाची की एका फाइलीची). व्याप्ती म्हणजे पानं किंवा खंड किती. इथे पाच आहेत, सहावा गायब.

दिवाळीपर्यंत मी दोनच स्टार दिले असते, कारण बाकीच्या नोंदीही एका ओळीच्या वाटायच्या. मग नव्या आवृत्तीत डावीकडे विभाग, मालिका (एकत्र लावलेल्या फाइलींचा गट), फाइल अशी उतरंड दिसू लागली आणि मत बदललं. वरच्या पातळीवर दिलेली माहिती खाली पुन्हा लिहायची नाही, हा त्या मानकाचाच नियम, म्हणून फाइलींच्या नोंदी एवढ्या त्रोटक. सर्च मात्र थेट तळाच्या फाइलीवर नेऊन सोडतो. वर मालिकेत गेलं की कागद कोणत्या खात्याने तयार केले, कसे लावले, सगळं नीट लिहिलेलं. शेजारच्या फाइलींमध्ये खाडीच्या बांधांच्या दुरुस्तीचा पत्रव्यवहार सापडला. शीर्षकात मीठ हा शब्दच नाही, सर्चमध्ये तो कधीच आला नसता. फोर्टला जाऊन याद्या चाळण्याचा वेळ आणि लोकलचं भाडं वाचलं, याचा मनापासून आनंद आहे.

पण पानांचं तसं नाही. निर्माता वरच्या पातळीवरून कळतो, खात्याचा इतिहासही कळतो. मालिकेत खंड किती यावरून माझ्या फाइलीची पानं कशी कळणार? तो आकडा फाइलीच्याच नोंदीत हवा.

तोवर तीन स्टार. मागवणाऱ्यांनी आधी संदर्भ क्रमांक देऊन ईमेलवर पानांचा आकडा लेखी मागवा, आणि तो आल्याशिवाय पैसे भरू नका.