अंदमान की लक्षद्वीप? नागपूरहून जाणाऱ्यांसाठी
डिसेंबरच्या सुट्टीत आईबाबा अन् पोरांना घेऊन समुद्र दाखवायचा म्हणून मी दोन्हीचं बघून राहिलो होतो. नागपूरहून अंदमानला कोलकाता किंवा चेन्नईमार्गे जाता येतं, भारतीयांना वेगळा परमिट लागत नाही, अन् तिथं बीचपलीकडेही खूप आहे, सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी बघताना बाबांचे डोळे भरतील हे मला आत्ताच माहीत आहे. तिथल्या हॅवलॉक बेटाचं नाव 2018 पासून स्वराज द्वीप आहे, तिथला राधानगर बीच लांबलचक, पांढऱ्या वाळूचा, पण तिथं जायला बोटीनं जावं लागते, मळमळ होणाऱ्यांनी गोळी घ्याच.

लक्षद्वीपचं पाणी मात्र काही औरच! प्रवाळानं वेढलेलं उथळ निळंशार लगून, म्हणजे बेटालगतचं शांत पाणी, पोरांना स्नॉर्कलिंग (तोंडात नळी धरून पाण्याखालचं बघत पोहणं) शिकवायला याहून छान जागा नाही. पण आधी परमिट काढा, मग कोचीहून तिथल्या अगत्ती बेटाचं विमान नाहीतर जहाज पकडा. फक्त 10 बेटांवर वस्ती, त्यामुळे राहायची सोय कमी, मोजकी.

आईचे गुडघे दुखतात, पाण्यात उतरणं तिला जमायचं नाही, म्हणून आम्ही अंदमानच ठरवलं. दोघंच जात असाल तर मात्र लक्षद्वीपच करा.